कणगीतला जन्म

मृत्यू कोणाला चुकत नाही आणि त्या वाटेने गेलेला माणूस परत येत नाही, याबद्दल सगळ्या धर्मांचं आणि थोर पुरुषांचं एकमत आहे. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मेलेले होते, आणि दोन्ही वेळा घरी जेवत. भाजीत मीठ कमी पडलं तर तसं सांगत.

पहिल्या निवडणुका होऊन गेल्यावर जो उन्हाळा आला, त्यात मी अकोल्याहून धाकटी सून म्हणून या घरात आले. शिरपूर आणि जऊळक्याच्या मधलं आमचं गाव. बैठकीत शिरल्याबरोबर समोर एक मोठी तसबीर दिसली. हवाई दलाच्या तिरप्या टोपीतला देखणा तरुण, आणि तसबिरीला चंदनी हार. तसबिरीखाली तोच तरुण, बराच वाळलेला आणि पिकलेला, अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. थोरला भाऊ लढाईत गेला, हे माझ्या नवऱ्याने लग्नाआधी सांगितलं होतं. तो परत आला, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं.

मी घाईघाईने पदर नाकापर्यंत ओढला. भासऱ्यापुढे धाकट्या भावजयीने तोंड दाखवायचं नाही, बोलायचं तर नाहीच.

"तुमी पदर कायले घेता, बाई?" ते सुपारीवरची नजर न काढता म्हणाले. "मी त मेलो हावो. मेलेल्या माणसाची कोनी लाज धरते का?"

शास्त्रापुढे माझा नाइलाज झाला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी उघड्या तोंडाने बोलू लागले. घरात कोणी आक्षेप घेतला नाही, कारण आक्षेप घ्यायचा तर ते जिवंत आहेत हे आधी मान्य करावं लागलं असतं.

हकीकत अशी. दादा, म्हणजे माझे हे भासरे, मॅट्रिक होऊन हवाई दलात गेले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बाँब टाकणाऱ्या दोन माणसांच्या विमानात ते मागच्या बाजूचे बंदूकवाले होते. वैमानिक पुढे बघायचा, हे मागे तोंड करून बसायचे. एका दिवशी ते विमान जपान्यांच्या बाजूच्या जंगलात पडलं. वैमानिक जागच्या जागी गेला, हे सापडले. घरी तार आली ती बेपत्ता, बहुधा मृत, अशी. "बहुधा" हा शब्द मामंजींना पसंत पडला नाही. माझ्या सासऱ्यांना कोणतीही गोष्ट अर्धवट चालत नसे. त्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला रीतसर अग्नी दिला, दहावा-तेरावा केला, साऱ्या पंचक्रोशीला जेवू घातलं आणि जऊळक्याच्या रस्त्यावर मुलाच्या नावाचा चबुतरा बांधला. त्याच्या उद्घाटनाला तालुक्याचे साहेब आले होते. हा वीर मेला नसून अमर झाला आहे, असं ते भाषणात म्हणाले. सरकारी भाषणातलं वाक्य शब्दशः खरं ठरल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.

लढाई संपली आणि हा अमर वीर जऊळक्याच्या स्टेशनवर उतरून पायी गावाकडे निघाला. वाटेत आपलाच चबुतरा पाहून दम खायला बसला. चबुतऱ्याला कोणाची तरी शेळी बांधलेली होती. ती सोडायला आलेला माणूस शेळी तशीच टाकून पळाला.

घरात रडारड झाली, आनंद झाला, आणि संध्याकाळच्या आत प्रश्न उभा राहिला. ज्याचं और्ध्वदेहिक झालं तो मेलेला. तो परत आला तर त्याने पुन्हा जन्म घेतला पाहिजे. जातकर्म, बारसं, मुंज, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. हे मी रचून सांगत नाही, पोथीत तसं आहे. पोथीत तुपाने भरलेल्या कुंडातून जन्म सांगितला आहे, पण रेशनच्या दिवसांत एवढं तूप कुठून आणणार? म्हणून गावच्या भटजीबुवांनी, त्यांना सगळे महाराज म्हणत, तोड काढली. कणगी आणायची. धान्य साठवायची ती बांबूची उंच टोपली, शेणाने लिंपलेली. आतून तुपाचा हात फिरवायचा. माणसाने आत गुडघे पोटाशी घेऊन, मुठी वळून बसायचं. वरून झाकण. मंत्र संपले की बाहेर.

दादा बसले. झाकण पडलं. पहिला मंत्र पुरा व्हायच्या आत कणगी आडवी झाली, आणि तुपाने माखलेले दादा ओसरीवरून उडी टाकून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात पळत गेले. अंधार पडेपर्यंत सापडले नाहीत. गावाने पुढे कित्येक वर्षं त्याची मजा घेतली. ते बैलगाडीत बसत तेही मागे तोंड करूनच, आणि ते दिसले की कोणीतरी विचारायचंच, "काय दादा, जपानी येऊन राह्यले का मागून?"

"नाई," दादा म्हणत. "तुमीच येऊन राह्यले."

पुन्हा कणगीत बसायला त्यांनी साफ नकार दिला, आणि कारण सांगितलं नाही. मामंजींनी त्याला हट्ट म्हटलं आणि आपला हट्ट सुरू केला. दादा बाहेरच्या ओसरीवर झोपू लागले. त्यांचं श्राद्ध दर वर्षी होत राहिलं. ते स्वतः त्या पंगतीला बसत. पिंडाला कावळा पटकन शिवला की म्हणत, "माही काई इच्छा राह्यली नाई वाट्टे."

सगळे हसायचे. जाऊबाई हसत नसत.

जाऊबाई म्हणजे दादांची बायको. बांगड्या फुटल्या तेव्हा पोर कडेवर होती. नवरा परत आला, पण कुंकू परत आलं नाही, कारण ते महाराजांच्या मंत्राशिवाय लावता येत नव्हतं. त्या मोकळ्या कपाळाने त्याला वाढत, ताट पुढे सरकवून मागे होत. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या माजघराच्या दाराआडून बघत. त्यांनी दादांकडे कधी काही मागितलं नाही. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही लावूनच टाका ना कुंकू! कोण काय करतं?" मी तेव्हा बरीच पुस्तकं वाचलेली होती.

"तू जाशीन माहेरी," त्या म्हणाल्या. "मले इथंच राहाचं हाये."

असं ते चाललं होतं, आणि तसंच चाललं असतं. पण कडेवरची पोर लग्नाची झाली.

स्थळ रिठदचं होतं. मुलगा तालुक्याच्या शाळेत मास्तर. मुलगी पसंत पडली, आणि मग मुलाच्या काकांनी आवाज शक्य तेवढा मऊ करून विचारलं, "पोरीचे वडील आहेत म्हनाचं का नाई म्हनाचं? आमाले दोन्ही चालते. फक्त पत्रिका छापाची हाये."

मामंजींनी त्याच रात्री जेवणानंतर निकाल दिला. दादा कणगीत बसले तर श्रीयुत. नाहीतर कैलासवासी. कैलासवासी असले तर कन्यादान मी आणि माझा नवरा करणार. आणि पोरीची आई विधवा म्हणून मंगलाष्टकं संपेपर्यंत कोठीच्या खोलीत. दादा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले ते आलेच नाहीत. जाऊबाई खरकटं गोळा करत होत्या. त्यांनी ताटं एकात एक घातली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा विहिरीपाशी बैल धूत होते. मी कळशी घेऊन गेले आणि सरळ विचारलं, "तुम्हाला त्या कणगीत बसायला काय होतं? थोड्या वेळाचं तर काम आहे."

त्यांनी बैलाच्या पाठीवर पाणी टाकलं. मला वाटलं नेहमीसारखी थट्टा करतील.

"तुमी वाचता ना इतकं," ते म्हणाले. "बांबूचा पिंजरा वाचला का कधी?"

मग त्यांनी सांगितलं. बैलाशी बोलावं तसं सांगितलं. पकडल्यावर त्यांना जमिनीत खणलेल्या खड्ड्यात उतरवलं होतं. खड्ड्यात बांबूचा पिंजरा, उभं राहता येत नाही आणि आडवं होता येत नाही असा, वर बांबूचंच झाकण. गुडघे पोटाशी घेऊनच बसावं लागे. विमानातून बाँब टाकणारा म्हणजे कैदी नव्हे, गुन्हेगार, असा जपान्यांचा हिशेब. शेजारच्या खड्ड्यात आणखी कोणी होतं. तोंड कधी दिसलं नाही. रोज सकाळी वरून शिपाई ओरडायचा, की प्रत्येकाने आपला आकडा त्यांच्या भाषेत म्हणायचा. चुकला की वरून काठी. शेजारच्याला आकडे येत नव्हते. दादा त्याला रात्री हळू आवाजात शिकवायचे. एका सकाळी त्याचा आकडा आला नाही. दादांनी दोघांचेही म्हटले. "चालून गेलं थ्या दिवशी," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी वास आला."

बैल अंग झटकून बाजूला झाला. मी जे नको तेच बोलले. "कन्यादानाला बाईंच्या जागी मला बसवणार आहेत."

"ऐकलं म्या. अन् तिले कुठं?"

"कोठीच्या खोलीत."

"दार लावून?"

"लावूनच. सावली पडायला नको म्हणून."

दादांनी बादली विहिरीच्या काठावर ठेवली.

"थ्या खोलीले खिडकी नाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "महाराजले सांगा, कनगी आना म्हनून."

मी घरी जाऊन जाऊबाईंना सगळं सांगितलं. पिंजऱ्याचंही. त्या तूर पाखडत होत्या. सूप थांबलं, पुन्हा चालू झालं. मला वाटलं, या बाईला दगडाचं काळीज असावं. दुपारी त्या पदर सावरून बुरडाकडे निघाल्या, आणि मला सोबत नेलं.

"नवी कनगी कर," त्यांनी बुरडाला सांगितलं. "मागून वीण सैल ठेव. माहा हात जाईन इतकी."

"अशा कनगीत दाना राहीन का, बाई?" बुरूड म्हणाला.

"दाना नाई ठेवाचा."

कणगी आली. जाऊबाईंनी ती स्वतः लिंपली, समोरून गुळगुळीत. मागची बाजू तशीच उघडी ठेवून ती भिंतीकडे करून ठेवली. विधी लग्नाच्या आदल्या दिवशी होता. विधवेने तिथे असायचं नव्हतं, म्हणून त्या पहाटेच जाऊन कणगी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत बसल्या. मी पुढे पाट आणि समया मांडून कोपरा अडवून उभी राहिले. मला तिथून दोन्ही बाजू दिसत होत्या.

दादा आले. आत उतरले, गुडघे पोटाशी घेतले, मुठी वळल्या. झाकण पडलं. जाऊबाईंनी विणीतून हात आत घातला, कोपरापर्यंत.

महाराजांनी मंत्र सुरू केले. काही वेळाने कणगीतून आवाज येऊ लागला. एक, दोन, तीन, पण परक्या भाषेत. एकच माणूस, आणि आकडे मात्र दोन आवाजांत. एक दमात, एक अडखळत. महाराजांना वाटलं यजमान पाठोपाठ म्हणताहेत. ते खूश झाले आणि त्यांनी आवाज चढवला. आतला आवाजही चढला. मामंजींनी समाधानाने डोळे मिटले होते. भिंतीकडच्या बाजूला जाऊबाईंनी ओठ दाताखाली धरला होता, आणि हात काढला नाही.

झाकण उघडलं. दादांना दोघांनी धरून बाहेर काढलं. रीतीप्रमाणे मामंजींनी बोटाने त्यांच्या जिभेला मध लावला आणि कानात नाव सांगितलं. चबुतऱ्यावर कोरलेलं तेच नाव. मध दादांच्या हनुवटीवर सांडला. तो त्यांनी पुसला नाही. त्यांना बहुतेक कळलंही नाही.

मुंज उरकून दुपारी त्यांचं जाऊबाईंशी लग्न लागलं. कासार आला. बांगड्या भरायला त्यांनी हात पुढे केला तर मनगटापासून वर नखांचे खोल ओरखडे होते, काही अजून ओले. कासाराने माझ्याकडे बघितलं. "भर," जाऊबाई म्हणाल्या. हिरव्या बांगड्या त्याच्यावरून गेल्या. मग त्यांनी आरशासमोर बसून कुंकू लावलं. फार दिवसांची सवय मोडलेली असल्याने ते पहिल्यांदा वाकडं लागलं.

दुसऱ्या दिवशी कन्यादान त्यांनी दोघांनी केलं. महाराजांच्या हिशेबाने वधूपिता एका दिवसाचा होता, पण रिठदवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही. दादा सगळ्या समारंभात एक अक्षर बोलले नाहीत, आणि नंतरही बरेच दिवस. लोक म्हणाले, पोरगी गेल्याचं दुःख. ते आता आत झोपत. पण दार उघडं ठेवून, थंडीतही. कधी पहाटे आकडे ऐकू येत, मग बांगड्या वाजत, मग शांत होई.

तसबिरीवरचा हार मी काढला. तसबीर मामंजींनी काढू दिली नाही, फोटो चांगला आला आहे म्हणून. चबुतराही राहिला. एस.टी. सुरू झाल्यावर ती तिथेच थांबू लागली, आणि दादा स्वतःच्या नावाला टेकून तिची वाट बघत.

कणगी चांगली नवी होती, टाकवेना. त्या हंगामात आम्ही तिच्यात ज्वारी भरून पाहिली, पण मागून गळू लागली. तेव्हापासून तिच्यात सरकी ठेवतो, ती गळत नाही.