द्राक्षांवर पाय

चारचौघांत बायकोचा हात धरायची आमच्या पिढीला सवय नाही. मला ती गेल्या वर्षी लागली. सोसायटीच्या जिन्यावर बायको घसरली आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. हाड यथावकाश जुळलं. "पाय पक्का आहे, आता राहिलीय ती भीती. तिच्यावर माझ्याकडे औषध नाही," डॉक्टर म्हणाले. माझ्या हाताशिवाय ती पाऊल टाकेना. कर्वेनगरच्या भाजीवाल्यापर्यंतसुद्धा आमची जोडीने वरात निघायची. मी चेष्टा करायचो, पण मनात धास्ती होती. उद्या मी आधी गेलो, तर ही कोणाचा हात धरणार?

फेब्रुवारीत मुलगी आम्हाला गाडीत घालून जुन्नरला घेऊन गेली. आधी शिवनेरी, मग गावातल्या जुन्या पेठेत जेवण आणि परतताना द्राक्षांचा मळा, जिथे वाइन करतात, असा बेत होता. शिवनेरीला गाडी जाते तिथपर्यंत गेलो. पायऱ्या बघून ही कट्ट्यावर बसली. "तुम्ही जाऊन या. मी बसते." मला वर जायचं होतं, फार जायचं होतं. पण तिला एकटी टाकून पाय निघेना. मुलगी वर गेली. आम्ही दोघं कट्ट्यावर शेंगा खात बसलो आणि चढणाऱ्यांना नावं ठेवली. तेही वाईट नव्हतं.

दुपारी मळ्यावर पोचलो. ओळींनी वेली, खाली लोंबणारे काळे घड, आणि मोकळ्या जागेत द्राक्षांनी भरलेला एक मोठा लाकडी टब. वाइनसाठी ती तुडवायला शहरातली मंडळी त्यात अनवाणी नाचत होती. पैसे देऊन चिखल तुडवायची हौस, मी म्हणालो.

"आई, तूही उतर ना, मजा येते," मुलगी म्हणाली.

"अन्नाला पाय लावू? वेड लागलंय का?"

"अगं, वाइन चालते तुला, सकाळपासून चौकशी करतेयस," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती टबाकडेच बघत होती. तिचं माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचं. आता तिथे इमारती आहेत, तेव्हा शेती होती. खूश झाली किंवा चिडली, की तिची बोली अजून मांजरीला जाते.

"खळ्यात बी आम्ही धान्यावर चालायचोच की," ती एकदम म्हणाली. "फक्त चपला बाहेर काढायच्या आन् आधी पाया पडायचं."

तिने चपला काढल्या, त्या माझ्या हातात दिल्या. पाय नळावर धुतले. मग वाकून टबातल्या द्राक्षांना हात लावला, तो कपाळाला टेकवला. शेजारच्या कॉलेजच्या मुली नाचायच्या थांबल्या. मी हात पुढे केला होता, पण ती टबाच्या काठाला धरून आत उतरली. द्राक्षं घसरडी होती. ती एक पाऊल सरकली, डगमगली, आणि हसली. "गार हाय गं!" ती मुलीला ओरडून म्हणाली. वर्षभरात तिचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मग त्या मुलींच्या मध्ये ती बराच वेळ पाय हलवत राहिली, पदर खोचून, खाली न बघता.

बाहेर आली तेव्हा पाय जांभळे झाले होते. खडीवरून एकटी चालत पुन्हा नळापर्यंत गेली, पाय धुतले आणि तशीच चालत परत आली. ती जवळ येताच सवयीने मी हात पुढे केला.

"हात नको," ती म्हणाली. "चपला द्या."