बोडीच्या फाईलमधला फोटो

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीने जास्तीची कोथिंबीर टाकली, की मी वांगी पुन्हा उलटीपालटी करून पाहते. माझं माहेर मुर्रीचं. तिथल्या शेतांत प्लॉटचे दगड रोवले गेले, तेव्हा जमीन विकली गेल्याचं घरातल्या माणसांनाही ते दगड पाहूनच कळलं होतं. म्हणून कोहमाऱ्याजवळ एक कंपनी गोदामं बांधणार आणि त्यात आमची बोडी जाणार, ही कुजबुज सासरी कानावर आली, तेव्हा मी गावात कुणाला विचारत बसले नाही. बोडी म्हणजे नवऱ्याच्या आजा-पणजाने पाळ घालून अडवलेलं लहानसं तळं. आमच्या धानाला तिचंच पाणी. ती बुजली तर आमची शेती संपली. मी तालुक्याला जाऊन माहिती अधिकारात अर्ज टाकला, की या प्रकल्पाची फाईल मला पाहू द्या.

खिडकीतला बाबू फार गोड बोलायचा. "मॅडम, फाईल साहब के टेबल पे है." पुढच्या खेपेला ती गोंदियाला गेलेली असायची, त्याच्या पुढच्या खेपेला तिथून निघालेली. आमची एसटीसुद्धा एवढी फिरत नाही. गोड बोलणाऱ्याला कुणीतरी आधीच गोड खिलवलंय, असं मी मनाशी धरून चालले.

पण खरा काटा घरातच रुतला होता. एरवी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारे आमचे हे बोडीचा विषय निघाला, की गप्प.

"काऊन जाऊन राहिली तू तिथं? कागद पाहून का होते?" एवढंच म्हणाले.

मला कुठे जायला त्यांनी आजवर कधी अडवलं नव्हतं. त्यात शेजारणीने सांगितलं, की उन्हाळ्यात ते पाळीवर कंपनीच्या माणसांसोबत थंडा पीत उभे होते. मी विचारलं, तर "मोजनीवाले होते, ऊन लय होतं," म्हणून म्हशीकडे वळले. त्या दिवसापासून मी धुण्याआधी त्यांचे खिसे तपासू लागले. तंबाखूशिवाय काही सापडलं नाही. तरी चैन पडेना.

शेवटी एकदाची फाईल माझ्यापुढे आली. सगळी इंग्रजी. बोट ठेवत ठेवत वाचली. प्रकल्पाच्या जागेत पाण्याचा साठा नाही, जमीन पडीक आहे, असं लिहिलं होतं. खाली एक फोटो. भर उन्हाळ्यातली भेगाळलेली बोडी, मधोमध माझा नवरा, एक हात डोक्याच्या वर. फोटोखाली ओळ होती, प्रकल्पाचं स्वागत करणारे स्थानिक शेतकरी. साक्षांकित प्रत घेतली आणि बसमध्ये ती पदराखाली धरून बसले.

घरी आल्यावर ताट वाढलंच नाही. प्रत त्यांच्यासमोर ठेवली आणि ती ओळ मराठीत सांगितली. त्यांनी प्रत उचलून दिव्याखाली धरली.

"त्याईनं इचारलं, पावसाळ्यात पानी कुठवर राह्यते. मी दाखवलं, डोक्याच्या वर. तं म्हने, हात तसाच ठेवा काका."

"मग मला सांगितलं कायले नाही?"

"गाडी गेली अन् मले खटकलं, का फोटो कायले पायजे होता? तुले सांगतलं असतं, तं तू मलेच धरलं असतं."

धरलंच असतं. पण आता त्यांचा चेहरा पाहून माझाच जीव तुटला. ज्या हाताने पाणी दाखवलं, तोच हात कंपनीने पाणी नाही म्हणायला वापरला होता.

आम्ही लेखी हरकत नोंदवली आणि सुनावणीला दोघंही गेलो. साहेबांनी फोटो पाहिला, मग यांच्याकडे पाहिलं.

"हे तुम्हीच ना? मग आता हरकत कसली?"

कचेरीत शिरलं, की यांची जीभ टाळूला चिकटते. पण त्या दिवशी ते खुर्ची सरकवून उभे राहिले.

"साहेब, पानी इथवर राह्यते," म्हणत त्यांनी हात डोक्यावर नेला.

कोपऱ्यात बसलेल्या कंपनीच्या माणसाने मोबाइल उचलला. मी झटकन उठले आणि यांचा हात धरून खाली ओढला.

"साहेब, हे काय म्हणाले ते आधी लिहून घ्या," मी म्हटलं. "मग ते हात दाखवतील."