हत्तीची सोंड

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की थोरल्या अक्कानं शिवलेलं कापडी पुस्तक आठवतं. लहान मुलांच्या तसल्या पुस्तकांचे कागदी नमुने काढून विकणारी मी मोठी डिझायनर. पहिला नमुना भालकीहून संतपूरला नेऊन अक्काला दिला. तिनं नातवासाठी पुस्तक शिवलं आणि हत्तीची सोंडच शिवणीत गेली. “नजर गेली बघ माझी, कापताना चुकायलंय,” ती म्हणाली. नमुन्यात कडेनं शिवणीसाठी अर्धा इंच सोडायला मीच विसरले होते, हे बघताक्षणी कळलं. तरी म्हणाले, “व्हय अक्का, वय झालं की आता.” आठवड्याभरात तिनं मशीन देऊन टाकली. आता तो अर्धा इंच मी प्रत्येक नमुन्यावर ठळक छापते. अक्का फोनवर विचारते, “नवं काय काढायलीस?” आणि मी तिच्या डोळ्यांची चौकशी करते.