चार ताटं, सोळा फोडी

मुलीला अकरावीत गणिताचा क्लास लावायचा होता. मी ठाम नको म्हटलं. घरात बी.एस्सी. झालेली आई असताना क्लास कशाला? माझं एक जरी गणित चुकलं तर खुशाल लाव, असंही वर ऐकवलं. नवरा लग्नाकार्यात मटणाचा स्वयंपाक करणारा आचारी, दहावीला गणितात दोनदा आपटलेला. तो ओट्यापाशी गुपचूप कांदा चिरत होता.

रविवारी लंबवर्तुळ निघालं: 4x² + 9y² − 16x + 18y − 11 = 0. हे स्टँडर्ड फॉर्ममध्ये आणायचं होतं. एक्सवाले एका कंसात कोंबले, बाहेर चार. वायवाले दुसऱ्या कंसात, बाहेर नऊ. पूर्ण वर्ग व्हावा म्हणून पहिल्या कंसात चार मिळवले, दुसऱ्यात एक. मग उजवीकडे नेलेल्या अकरातही चार आणि एक मिळवले नि ऐटीत उत्तर काढलं.

पुस्तकामागचं उत्तर वेगळंच होतं. छपाईची चूक आहे, असं मी जाहीर केलं. मुलीनं आणखी दोन पुस्तकं उघडली, त्यांतही तेच. एकमेकांचं बघून छापतात मेले, मी म्हणाले. मुलगी मोबाईलवर क्लासचा नंबर शोधू लागली.

नवरा हात पुसत आला, वहीत डोकावला आणि कंसाबाहेरचा चार कशाचा, असं विचारू लागला. आतलं सगळं चार वेळा आहे, मी वैतागून सांगितलं.

"मग ती चार ताटं की," तो म्हणाला. "दर ताटात तू चार फोडी वाढल्यास. पातेल्यातनं सोळा गेल्या, आन् तू चारच मांडतीस व्हय? बाकीचं मटण गेलं कुठं?"

दुसरीकडं नऊ ताटांत एकेक, म्हणजे नऊ. अकरात सोळा आणि नऊ मिळवले, छत्तीस झाले. छत्तीसनं भागलं आणि पुस्तकातलं उत्तर मुकाट समोर आलं. त्या माणसाचा मला इतका राग आला की दुपारी मी त्याच्या हातचा रस्साही दोनच वाट्या प्याले.

क्लास काही लागला नाही. आता मुलगी अडलं की वही घेऊन बाबाकडं जाते, आणि त्याचं समजावून होईपर्यंत त्याचा कांदा मी चिरते. एकसारखा चिरते हं, बी.एस्सी. काय उगाच झाले नाही.