मोरीत ओतलेलं आधण

मे १९८८, रविवार, सकाळ. स्थळ : धुळ्यात देवपूरमधलं आमचं घर. हजर : मी, माझ्या सासूबाई अक्का, आमचे हे आणि मोरीतलं पाणी. यांपैकी शेवटचं सोडून सगळ्यांना कामं वाटून दिलेली होती.

त्या दिवशी कुरडया व्हायच्या होत्या. नणंद शैला हिवाळ्यात सावद्याला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माहेरहून कुरडयांचा डबा जायलाच हवा, आणि तोही काठोकाठ, असा अक्कांचा कायदा. शैलाचे सासरे बँकेच्या कामासाठी दुपारी येणार, मुक्काम करणार आणि जाताना डबा नेणार होते. अक्कांनी गहू भिजवून, वाटून, चीक गाळून रात्रभर निवळत ठेवला होता. सकाळी चिकावरचं पाणी काढून टाकणं एवढंच माझ्याकडे होतं. अंगणात ओत आणि सावकाश ओत, असं त्यांनी बजावलं होतं.

पण अंगण लांब आणि मोरी जवळ. (वेळ वाचवणं हा माझा जुना आजार आहे.) मी पातेलं एका झटक्यात कलतं केलं. पाणी गेलं, आणि त्याच्यामागून बराचसा चीकही जाळीतून आत उतरला. मी उरलेल्यावर झाकण ठेवलं आणि पुढच्या कामाला लागले.

थोड्या वेळाने हे आंघोळीला गेले. "पाणी जात नाहीये," आतून आवाज आला. मग बऱ्याच वेळाने, "पाट तरंगतोय."

रविवारी प्लंबर मिळत नाही, आणि मिळाला तरी मला नको असतो. तुंबलेल्या मोरीत उकळतं पाणी ओतलं की आतला सगळा राडा वितळून वाहून जातो, हा उपाय मी गल्लीतल्या अर्ध्या बायकांना शिकवला होता. स्टोव्हवर कुरडयांचं आधण खळखळत होतंच, मीठ-हिंग घालून. यांना टॉवेलवर बाहेर काढलं आणि अख्खं आधण मोरीत ओतलं.

मोरीने एक लांबलचक ढेकर दिला आणि ती ठार बंद झाली. घरभर हिंगाचा सुरेख वास सुटला.

त्या वासाने अक्का आल्या. त्यांनी आधणाचं रिकामं पातेलं पाहिलं, चिकाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, मग मोरीकडे पाहिलं. अक्का बोलतात मराठीत, पण त्यांना राग येतो अहिराणीत.

"चीक मोरीमा ओता, आनि वर आधण बी ओतं?"

मी मान हलवली.

"मंग शिजी गया ना तो. आते त्या नळीले सोऱ्या लाव."

चीक उकळत्या आधणात पडला की शिजून घट्ट गोळा होतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दर उन्हाळ्यात तो हाटून माझेच हात भरून येतात! फक्त हा नियम मोरीलाही लागू असेल, असं वाटलं नव्हतं.

मग मी बांबूच्या टोकाला फडकं बांधून आतून ढोसायला लागले. हे बाहेर, नळी जिथे गटारात पडते तिथे, बनियनवर बादली धरून बसले. बराच वेळ मी ढोसते आणि हे "काही नाही" म्हणतात, असं चाललं. एकदाचं "येतंय, येतंय, थांबू नकोस," ऐकू आलं. नळीतून मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र, वाफाळती वळकटी सरकत बाहेर येत होती. न तुटता.

नेमकी तेव्हाच दाराशी रिक्षा थांबली. शैलाचे सासरे केळ्यांच्या फण्या घेऊन उतरले, दुपारच्याऐवजी सकाळीच. वाकून पाहत ते म्हणाले, "काय चाललंय, भाऊ?"

आमचे हे शाळामास्तर. आयत्या वेळी खोटं सुचत नाही.

"कुरडया," ते म्हणाले.

व्याह्यांनी केळी या हातातून त्या हातात घेतली. "आमच्याकडे खाटेवर घालतात," एवढंच म्हणून ते आत आले.

अक्कांनी नवं आधण ठेवून उरलेल्या चिकाच्या कुरडया घातल्या. खानदेशातलं ऊन कामाला चोख, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्या खडखडीत वाळल्या. पण डबा भरला अर्धाच. निघताना अक्कांनी तो व्याह्यांच्या हाती दिला तेव्हा त्यांची मान वर होईना, आणि माझी तर बाहेरच्या खोलीत यायची हिंमत होईना. व्याह्यांनी डबा हलवून पाहिला. आतल्या कुरडया मोकळेपणाने खडखडल्या.

"असू द्या, अक्का," ते म्हणाले, "बाकीच्या नळीतून निघाल्या की पाठवा."

आधी अक्काच हसल्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेव्हा कुठे मी चहा घेऊन बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात अक्कांनी पुन्हा गहू भिजवले, वरचं पाणी स्वतः अंगणात ओतलं आणि काठोकाठ डबा सावद्याला गेला. ते काम झालं. राहिलंय ते नळीचं. बांबूवरून सुटलेलं फडकं, थोड्या शिजलेल्या चिकासकट, अजून आतच आहे, आणि पाणी आपल्या सवडीने जातं. प्लंबरला बोलवायचं माझ्या मनात आहे. पण तो आधी विचारणार, "बाई, आत काय अडकलंय?" मग विचारणार, "ते आत शिजलं कसं?" आणि मग गल्लीतल्या त्या अर्ध्या बायका हातातली कामं टाकून उत्तर ऐकायला येणार.