प्लास्टर सुकेपर्यंत

हाडांच्या दवाखान्यात त्याला सगळे सांडशीमामा म्हणत. काम एकच. डॉक्टर मोडलेलं हाड ओढून जागेवर बसवतात तेव्हा पेशंटला वरून घट्ट धरायचं, आणि प्लास्टर सुकेपर्यंत सोडायचं नाही. भुलीच्या सुईनंतरही लोक किंचाळत, चावत, सात पिढ्यांचा उद्धार करत. एका बाईने तर लाथ घालून त्याचा दात पाडला होता. मामा म्हणे, अजून दोन घाला बाई, पण हलू नका. धरण्याआधी त्याची प्रार्थना ठरलेली: प्रभू, हात माझे, जोर तुझा. रविवारी चर्चमध्ये मात्र तो शेवटच्या बाकावर बसे. पुढे बसायची त्याला लाज वाटे.

लाज वाटण्यासारखंच होतं म्हणा. वीस वर्षांपूर्वी हा गृहस्थ बायकोला बदडायचा. बरं, दारूचं निमित्तसुद्धा नाही! जेवण गार झालं म्हणून एकदा त्याने तिचं मनगट दाराच्या चौकटीवर आपटलं. काडकन आवाज आला. दवाखान्यात आणलं तर धरायला माणूस नव्हता. म्हातारी सिस्टर म्हणाली, "तूच मोडलंस ना? मग तूच धर."

त्याने धरलं. बायकोने किंकाळी फोडली तशी याची पकड सुटली आणि हाड सरकलं. पुन्हा ओढू द्यायला ती काही केल्या तयार होईना. मनगट वाकडं ते वाकडंच राहिलं. त्याच आठवड्यात तो सिस्टरसमोर ढसाढसा रडला. तिने त्याला आधी फरशी पुसायला लावली, बायबल नंतर हातात दिलं. घरात त्याने परत कधी हात उगारला नाही. पण ते मनगट रोज ताट वाढताना समोर यायचंच.

परवा दुपारी जावई आला. मोटरसायकल घसरली होती, मनगट तसंच मोडलेलं. सोबत मुलगी. तिचा एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला.

मामाने विचारलं, तूही पडलीस का?

"मी घरीच होते," ती म्हणाली.

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने जावयाची मानगूट धरून त्याला भिंतीवर आदळलं, वर एक थोबाडीतही हाणली. तो गुरासारखा ओरडला. डॉक्टर धावत आले आणि म्हणाले, धरणार असाल तर थांबा, नाहीतर बाहेर व्हा.

मामा थांबला. खरं सांगायचं तर तो धरायला थांबलाच नव्हता. बोटभर सैल सोडलं की झालं, या हाताने हा जन्मात कुणाला मारणार नाही. सूज होती, हाड सरकलं, असंच सगळे म्हणतील. नेहमीची प्रार्थना तोंडातून निघेना. डॉक्टरांनी ओढायला सुरुवात केली.

"बाबा, सोडा! पाया पडतो, सोडा!" जावई केकाटला.

सोडा म्हणताच मामाला वीस वर्षांपूर्वीची किंकाळी आठवली. प्रभू, आज जोर माझाच आहे, तूच आवर, असं तो पुटपुटला. जावयाने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, रक्त आलं, तरी पकड ढिली पडली नाही. हाड बसलं. प्लास्टर दगडासारखं होईस्तोवर मामा तसाच उभा राहिला.

मग जावयाला म्हणाला, "दीड महिन्याने ये, मीच कापून देईन. तोवर रोज तुझा डबा पोचवीन. ही मात्र येणार नाही. आमच्या दारात दिसलास तर पोलिसांत देईन."

घरी जाताना वाटेत मुलगी म्हणाली, "आईला न्यायला कुणी आलं नव्हतं."

"नव्हतं," मामा म्हणाला.

बायकोने डाव्या हाताने कडी काढली. तिने मुलीचा चेहरा निरखून पाहिला. मामाने दारातच सगळं सांगितलं, सैल सोडणार होतो तेही सांगितलं.

"सरळ बसला ना त्याचा हात?" तिने विचारलं.

"सरळ बसला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि त्या वाकड्या हाताने मुलीला जवळ घेऊन आत गेली. मामा पायरीवरच बसून राहिला. आत या, असं त्याला कुणी म्हणालं नाही, आणि तोही उठला नाही.