चित्रातून गाळलेलं घर

सुईवाल्यांचं घर शहराच्या जुन्या वेशीच्या अगदी पुढ्यात होतं. दोन खोल्या, गळकं छप्पर, मोडकी पायरी. धंदा काय, तर तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, त्यावर सुईने शहराची जुनी ठिकाणं कोरायची, पत्रा आम्लात बुडवायचा आणि त्यावरून चित्रं छापून विकायची. वेशीचं चित्र सगळ्यात जास्त खपायचं. पण मध्येच यांचं घर कडमडायचं! मग या पठ्ठ्याने ते चित्रातून सरळ उडवून टाकलं.

बायको म्हणायची, “अहो, निदान एक कोपरा तरी काढा की. जन्म गेला माझा या घरात.”

“गिऱ्हाईक वेस बघून पैसे देतं, तुझं गळकं छप्पर बघून नाही,” सुईवाले नाकाने कांदे सोलायचे.

पुढे पालिकेला इतिहासाचा पुळका आला. वेशीसमोरची नवी बांधकामं पाडायची ठरली आणि यांच्या दारावर नोटीस लागली. घर आजोबांच्या वेळचं! सुईवाले तावातावाने कचेरीत गेले. साहेबांच्या मागे भिंतीवर यांचंच वेशीचं जुनं चित्र, सोनेरी चौकटीत.

“घर जुनं म्हणता, मग यात दाखवा बरं ते,” साहेब म्हणाले.

“ते मी मुद्दाम गाळलंय हो!”

“म्हणजे चित्र खोटं? खाली तर ‘हुबेहूब’ लिहिलंय. बाकीची चित्रंही अशीच का?”

बाहेर दोन गिऱ्हाइकं कान टवकारून बसलेली. खोटं म्हणावं तर इतक्या वर्षांचं नाव मातीत, खरं म्हणावं तर डोक्यावरचं छप्पर गेलं. आणि काय बोलावं या माणसाने? म्हणाले, “चित्र हुबेहूब आहे.”

घर पडलं. वेस चित्रातल्यासारखी मोकळी दिसू लागली. बिऱ्हाड भाड्याच्या खोलीत आलं. एक दिवस बायकोने कोरा पत्रा आणून पुढ्यात आदळला. “काढा आता.”

सुईवाल्यांनी सुई उचलली. वेशीची वीट न् वीट झरझर उतरली, पण घरापाशी हात अडला. लाजेने मान वर होईना.

“समोरून खिडक्या किती होत्या गं?”

“दोन,” ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. “दुसरी तुम्हीच भिंत फोडून काढली होती. मला चुलीपाशी उजेड यावा म्हणून.”

ते चित्र दुकानात लागलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, “वेस झकास आहे हो, पण मध्ये हे घर कशाला घुसडलंत?”

सुईवाले तोंड उघडणार, तोच आतून बायकोचा आवाज आला, “ते विकायचं नाहीये.”